समासातली नावं

प्रेरणानं दोन ओळी वाचल्या आणि ती थांबली. अडखळली नाही, चालता चालता काही आठवून माणूस थांबतं, तशी थांबली. हातातल्या झेरॉक्समधून मान वर करून तिनं विचारलं, “मॅडम, हे मलेच काऊन दिलं?” गार्गी खिडकीपाशी उभी होती, हात पाठीमागे बांधून. आपण नेमके बाबांसारखे उभे आहोत हे नुकतंच तिच्या लक्षात आलं होतं आणि त्यानं तिला जरा बरं वाटत होतं. त्या बऱ्या वाटण्यातूनच ती म्हणाली, की तुझा आवाज चांगला आहे. प्रेरणा तिच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. हिशोब न जुळलेल्या माणसासारखी. “माहा आवाज तुमी ऐकला कधी, मॅडम? या वर्गात तं मी आज पयल्यांदा बोलून राह्यली.” मागे कोणीतरी खुसखुसलं, दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. प्रेरणा खाली बसली. बसताना तिनं कागद नीट जुळवले, कडा बाकावर ठोकून सरळ केल्या आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. पुढचं हरिओम नावाच्या मुलानं वाचलं, भराभरा, स्वल्पविराम गिळत, आणि प्रकरण अर्धवट असतानाच तास संपला.

एवढंच झालं होतं. यात काही झालं असं कोणाला सांगताही आलं नसतं. प्राध्यापकांच्या खोलीत चहा आला, तो तिनं घेतला. दोन वह्यांवर सह्या केल्या. पण जयस्तंभ चौकापासून घराकडे चालताना तिला चप्पल एका पायाला मोठी झाल्यासारखी वाटायला लागली. प्रत्येक पावलाला टाच बाहेर पडेल अशी. दोनदा थांबून तिनं पट्टा तपासला. पट्टा ठीक होता. प्रेरणाच्या प्रश्नाला उत्तर आहे, ते अगदी साधं आहे, फक्त वर्गात सुचलं नाही, असं ती स्वतःला सांगत होती. आणि ते उत्तर शोधायला लागली की मनाचा हात कपाटात गेल्यासारखा आत आत जायचा आणि रिकामाच परत यायचा. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. या दीड महिन्यात काहीही अडलं, की बाबांना विचारू असं तिला आधी वाटायचं आणि मग ते गेलेत हे आठवायचं. या क्रमात अजून बदल झाला नव्हता. आजही तसंच झालं. फक्त आज, बाबांना विचारू असं वाटल्यावर, पाठोपाठ विचारू नये असंही वाटलं, आणि ते नवीन होतं.

पुस्तक बाबांचंच होतं. शरच्चंद्र सरांचं, म्हणजे गावाच्या भाषेत “सरांचं”; बुलढाण्यात तेवीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला दुसरं नाव लागत नाही. ती एक जुनी अमेरिकन कादंबरी. नदीकाठचं गाव, कापसाचं गाव, तिथली कापसातून सरकी काढायची जिनिंग एका रात्री जळते आणि तिथं गाठी उचलणाऱ्या जोसाया नावाच्या काळ्या माणसावर आळ येतो. कादंबरी सांगतो तो गावचा गोरा डॉक्टर. त्यानंच जोसायाला लहानपणी वाचायला शिकवलेलं असतं, आणि आग लागली त्या रात्री जोसाया कुठं होता हे एकट्या त्यालाच माहीत असतं. तो बोलत नाही. चौदाव्या प्रकरणात शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीश जोसायाला काही सांगायचं आहे का विचारतात, आणि जोसाया साडेतीन पानं बोलतो. बाबांच्या वर्गात हे प्रकरण मोठ्यानं वाचलं जायचं. डॉक्टरचं निवेदन ते स्वतः वाचायचे, जोसायाचं एखादा विद्यार्थी. मलकापूरच्या बाजारात कापसाच्या गाड्या पाहत वाढलेल्या मुलांना ती जिनिंग समजावून सांगावी लागत नसे. मध्यंतरी कादंबरी अभ्यासक्रमातून गेली, यंदा परत आली, आणि ती शिकवायला गार्गीच्या वाट्याला आली हे कळलं तेव्हा बाबा दवाखान्यात होते. नाकात नळी होती. तरी म्हणाले, “चौदावं वाचून घे. मोठ्यानं. मुलं त्यानं जागी होतात.” त्यानंतर ते पाण्याविषयी बोलले, आईच्या गोळ्यांविषयी बोलले, पण शिकवण्याविषयी ते शेवटचं.

घरी आल्यावर तिनं साडीसुद्धा बदलली नाही. आई, शकुंतलाबाई, स्वयंपाकघरात शेंगा निवडत होती. गार्गी बाबांच्या टेबलाशी बसली आणि चौदावं प्रकरण उघडलं. जोसायाचं बोलणं सुरू होतं त्या पानाच्या समासात, वरपासून खालपर्यंत, बाबांच्या बारीक पेन्सिलीतली नावं होती. साल आणि नाव, साल आणि नाव. वर्गात ती यादी तिनं पाहिली होती, आणि चांगलं वाचणाऱ्यांची नावं बाबांनी जपून ठेवली आहेत असं वाटून तिला भरून आलं होतं. आता तिनं ती आडनावांसकट वाचली. एक वाचलं, दुसरं वाचलं. पाचव्या-सहाव्या नावापर्यंत तिला कळलं होतं, पण तरी ती खालपर्यंत गेली, कुठंतरी एखादं वेगळं निघेल म्हणून. कुलकर्णी, देशमुख, पाटील, अगरवाल, कोणीही. एकोणीस नावं होती. या मुलखात आडनाव ऐकलं की घर कळतं, घर कळलं की गल्ली कळते, आणि ते कळणं इतकं मुकाट, इतकं झटकन होतं की कळलं असं कोणी म्हणत नाही. एकोणीसच्या एकोणीस मुलं गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या घरांतली होती. वर्गात तिनं यादीवरून नजर उचलली होती आणि साठ मुलांतून प्रेरणाचं नाव घेतलं होतं. विचार केला नव्हता. विचार केला नव्हता हेच तिला पुन्हा पुन्हा खुपत होतं. ठरवून केलं असतं तर निदान ते आपलं असतं.

एक आठवण होती, ती तिनं वर्षानुवर्षं नीट घडी घालून ठेवलेली. ती चौदा वर्षांची असताना शाळेला सुटी होती म्हणून बाबा तिला कॉलेजात घेऊन गेले होते. स्कूटरवर मागे बसून, त्यांच्या शर्टाला नाक लावून; त्या शर्टाला खडूचा आणि लवंगेचा वास असे. तिला शेवटच्या बाकावर बसवलं. त्या दिवशी हेच प्रकरण होतं आणि राजकुमार नावाचा एक उंच, काटकुळा मुलगा वाचत होता. अख्खा वर्ग श्वास धरून. बाबा खिडकीशी. वाचून झाल्यावर बाबा त्याच्यापाशी गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. तो हात आपल्या खांद्यावर असावा असं तिला इतकं वाटलं होतं, की त्या मुलाचा मत्सर वाटला. मोठेपणी जगात काही चांगलं आहे का असा प्रश्न पडला की ती ही आठवण काढायची. आता ती काढली आणि तिच्यात दुसरंच काही दिसायला लागलं. वर्ग पुस्तकाकडे बघत नव्हता, राजकुमारकडे बघत होता. राजकुमार कोणाकडेच बघत नव्हता. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेच्या कडेवर घासत होता, सारखा, त्या साडेतीन पानांचा सगळा वेळ. हे तिनं तेव्हाच पाहिलं असणार. नाहीतर आज कुठून आलं? की आज तिनं ते तिथं नेऊन ठेवलं? तिला ठरवता येईना. बाबांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. त्याविषयी तिला शंका नव्हती. आणि तेच जड जात होतं.

जेवताना तिनं आईला विचारलं, बाबा वाचायला कोणाला उभं करायचे ते तुला माहीत होतं का? आईनं भाकरी मोडली. माहीत नसायला काय झालं, म्हणाली; दरवर्षी त्या दिवशी घरी येऊन सांगायचे, आज अमक्याला बोलतं केलं, आज तमक्याला बोलतं केलं. दोन घास झाल्यावर म्हणाली, “मी एकदा म्हटलं होतं त्यांना. एखाद्या वर्षी त्यांनाही गप्प बसू द्या की. बाकीची पोरं कशी बसतात, आरामात.” मग बाबा काय म्हणाले? “काय म्हणणार. तुला साहित्यातलं कळत नाही म्हणाले.” आणि आई हसली; बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, अगदी थोडी. ते हसू प्रेमाचं होतं. गार्गीला वाटलं, आईजवळ बाबा अजून पूर्ण आहेत, चुकांसकट पूर्ण. आपल्याजवळचे मात्र भिंतीवरच्या फोटोसारखे होते, आणि फोटोला एक ओरखडा पडला तरी तो सगळाच जातो.

मंगळवारच्या तासाला प्रेरणा आली नाही. तिच्याच गावाहून, देऊळघाटहून, येणाऱ्या बाकीच्या दोन मुली आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की ती गावातच आहे, बरी आहे, एवढंच. गार्गीनं त्या दिवशी कादंबरीची पार्श्वभूमी लिहून दिली आणि प्रकरण पुढं ढकललं. गुरुवारी ते उघडावंच लागणार होतं, आणि ते कोणी वाचायचं हे तिला ठरवायचं होतं. ऐकायला किती किरकोळ. पण रात्रंदिवस तिच्या आत कोणीतरी येरझारा घालत होतं. यादी मानू नये, तर बाबांनी एकोणीस वर्षं केलं ते चूक होतं असं भर वर्गात म्हटल्यासारखं. मानावी, तर समासाच्या तळाशी जी थोडी जागा उरली होती तिथं साल घालून प्रेरणाचं नाव लिहिल्यासारखं. आणि बाबांना सांगता येत नव्हतं, विचारता येत नव्हतं, त्यांच्याशी भांडता येत नव्हतं. माणूस गेल्यावर त्याच्यावर रागावणं ही किती एकट्यानं करायची गोष्ट आहे, हे कोणत्याच पुस्तकात तिला सापडलं नव्हतं, आणि तिनं पुस्तकं काही कमी वाचली नव्हती.

बुधवारी ती मलकापूरला गेली. राजकुमार तिथं स्टेशनवर तिकीट खिडकीवर आहे हे तिला बाबांकडूनच माहीत होतं. बाबा मुंबईला जाताना मुद्दाम त्याच्या खिडकीपुढे उभे राहत. राजूर घाटात एस.टी. वळणावळणानं उतरत होती, धुक्यात झाडं अर्धीच दिसत होती, आणि शेजारची बाई तिच्या खांद्यावर निवांत झोपली होती. आपण काय विचारायला चाललो आहोत? बाबांनी तुम्हाला दुखवलं का? तो नाही म्हणेल. तो नाही म्हणावा म्हणूनच आपण चाललो आहोत, हे तिला मोताळ्याच्या आसपास कळलं. तरी ती उतरली नाही.

राजकुमार आता पन्नाशीला टेकला होता, पोट सुटलं होतं, चष्मा आला होता. त्याची पाळी संपायची होती, तोवर ती फलाटावरच्या बाकावर बसली. आल्या आल्या त्यानं दोन चहा आणले आणि सरांच्या आजारपणाची सगळी चौकशी केली. तेराव्याला येता आलं नाही म्हणून तीनदा वाईट वाटून घेतलं. सरांमुळे आपण लायब्ररीत गेलो, सरांमुळे इंग्रजीची भीती गेली, हे त्यानं सांगितलं आणि ते सांगताना तो कुठंही अडखळला नाही. गार्गीला हलकं वाटलं. मग तिनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि ते पान त्याच्यापुढे धरलं.

त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. “सर लिहून ठेवत होते, हे नवतं मालूम.” बोट खाली सरकवत आला, आपल्या नावाशी थांबला, मग तीन नावं वर गेला. “हे पाहा, हा माहा मोठा भाऊ. म्हंजे आमी घरातच वाटून घेतलं म्हना.” आणि तो मोकळेपणानं हसला. एक मालगाडी आली. डबे संपता संपत नव्हते. गाडी गेल्यावर त्यानं पुस्तक मिटलं नाही. पहिलं पान उघडलं.

“ताई, एक सांगू? राग नोका मानू. मले हे वाचाचं होतं.” कादंबरीच्या सुरुवातीला नदीचं वर्णन होतं, पहाटेचं, एक अख्खं पान, त्यात माणूसच नाही. “हे मी पाठ केलं होतं घरी. मायनं इचारलं, काय बडबडून राह्यला. सर वाचाले उठवतीन तं हेच म्हणीन, असं ठरवलं होतं. पण डॉक्टरचं सर सोताच वाचत.” मग त्यानं डोळे न मिटता, समोरच्या रुळांकडे बघत, पहिली चार वाक्यं म्हणून दाखवली. त्याच्या इंग्रजीत बाबांचे उच्चार होते. बाबांचा “र” होता. इतक्या जवळून बाबांचा आवाज तिनं दीड महिन्यात ऐकला नव्हता.

तुम्ही बाबांना सांगितलं का नाही, तिनं विचारलं. राजकुमारनं कप बाकाखाली ठेवला. “कसं सांगनार? ते इतले खूश होते माह्यावर.”

परतीच्या बसमध्ये तिला एक उपाय सुचला आणि चढणीच्या पहिल्या वळणावर तो इतका चोख वाटला की ती एकटीच हसली. उद्या प्रेरणा आली तर तिला डॉक्टरचं निवेदन द्यायचं. ती नदी, ते पान, सांगणाऱ्याचा आवाज. जोसायाचं हरिओमला. म्हणजे सगळं उलटं होईल, सुटेल. सगळ्या वर्गाला कळेल, न बोलता कळेल. प्रेरणा उभी राहील, वाचेल, आणि मी— खिडकीशी उभी असेन, इथपर्यंत ती आली आणि तिथं थांबली. अंगात जी ऊब पसरत होती ती तिनं ओळखली. हीच ऊब घेऊन बाबा त्या त्या वर्षी घरी आले असतील, स्कूटर लावली असेल, चपला काढता काढता म्हणाले असतील, आज अमक्याला बोलतं केलं. तिला बाबा इतके जवळचे कधीच वाटले नव्हते. तिनं खिडकीची काच सरकवली. वरच्या पठाराची गार हवा आत आली आणि पुढच्या बाकावरचा म्हातारा म्हणाला, की बाई, लाव ते, थंडी वाजून राह्यली. तिनं काच लावली.

गुरुवारी प्रेरणा आली. शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूला बसली. निघून जायचं झालं तर सोपं. गार्गीनं हजेरी घेतली. मग म्हणाली, की त्या दिवशी मी प्रेरणाला खोटं कारण सांगितलं. आवाजामुळे मी तिचं नाव घेतलं नव्हतं. खरं कारण तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. वर्ग एकदम शांत झाला. ती शांतता चांगली नव्हती, वाईटही नव्हती. साठ माणसांना एकाच वेळी आपापली आडनावं आठवावीत तशी होती. प्रेरणानं मान हलवली नाही. तिनं मान हलवावी अशी आपण वाट बघतो आहोत हे लक्षात येताच गार्गीनं नजर पुस्तकात घातली. चौदावं प्रकरण आज कोणाला वाचायचं आहे, असं तिनं विचारलं. कोणी हात वर केला नाही. हरिओम म्हणाला, “मॅडम, तुमीच वाचा न.” कंटाळ्यानं म्हणाला बहुधा. ती हो म्हणाली. डॉक्टरचं हरिओमला दिलं, आणि खिडकीपासून सरकून वर्गाच्या मधल्या जागेत येऊन उभी राहिली.

जोसायाचं बोलणं तिनं आजवर ऐकलं होतं, मनात वाचलं होतं. तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. पहिल्या चार ओळींतच तिला कळलं की त्यात श्वास घ्यायला जागा नाही. वाक्यं लहान होती पण एकाला दुसरं लागून होतं. साठ जण तिच्याकडे बघत होते. मानेच्या मागं, केसांच्या खाली, तिला काही तरी बसल्यासारखं वाटलं आणि हात वर करून ते झटकावंसं वाटलं. हे पाच मिनिटांचं आहे, ती स्वतःला म्हणाली. पाच मिनिटांनी मी पुन्हा मॅडम. राजकुमार वाचून खाली बसला तेव्हा तो पुन्हा कोण झाला असेल? समासातली नावं डोळ्याच्या कोपऱ्यात हलत होती, आणि ती वाचत राहिली. न्यायाधीशांना उद्देशून बोललेलं संपलं. गावाला उद्देशून बोललेलं संपलं. जोसाया डॉक्टरकडे वळला, ते तिनं वाचलं, पान उलटलं, आणि पुढचा परिच्छेद सुरू केला.

“मॅडम.” शेवटच्या बाकावरून आवाज आला. “एक ओळ राह्यली.”

गार्गीनं पान मागं घेतलं. ओळ होती. तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीचे कंस होते, बाबांचे. वर्गात जे गाळायचं त्याभोवती ते असे कंस घालायचे. लांबलचक वर्णनांना, धर्मग्रंथांतल्या उताऱ्यांना, वेळ पुरत नसे म्हणून. तिची नजर सवयीनं त्यावरून पुढं गेली होती. पण ही एकच ओळ होती. म्हणायला किती वेळ लागणार होता? कंस पुसट नव्हते. दरवर्षी कोणीतरी त्यावरून पेन्सिल फिरवल्यासारखे ते ठळक झाले होते, आणि एका ठिकाणी कागद थोडा फाटला होता. म्हणजे दरवर्षी बाबा इथं येत होते. इथं थांबत होते, आणि मग पुढं जात होते. एकोणीस मुलांकडे हा कंस नव्हता. त्यांच्या पुस्तकांत ही ओळ उघडी होती, जशी आता प्रेरणाच्या झेरॉक्समध्ये होती. सर ती गाळायला सांगत, आणि मुलं ती गाळत.

तिला बाबांचा हात दिसला, पेन्सिल धरलेला. त्यांना ती ओळ समजली होती. सगळ्या गावात त्यांच्याइतकी ती कोणाला समजली नसेल. तिला वाटलं ते दुःख होतं की राग, हे वेगळं करायला वेळ नव्हता. मुलं थांबली होती.

तिनं ती वाचली. जोसाया डॉक्टरला म्हणतो: तुम्ही माझ्याशी नेहमी चांगलं वागलात, साहेब, आणि ते मला एकदाही विसरू दिलं नाहीत.

“मागं ऐकू नाही आलं,” प्रेरणा म्हणाली.

गार्गीनं पुस्तक थोडं वर धरलं आणि ओळ पुन्हा वाचली, मोठ्यानं.